कागदावरचं नाव : परदेशी गेलेल्या आपल्याच मुलांची गोष्ट



आजची सुरुवात आपण एका लग्नापासून करू. लग्न आपल्याच यवतमाळ शहरातलं. २०१७ साल सरता सरता, डिसेंबरच्या अखेरीस, शहरातल्या एका हॉटेलात मोजके नातलग आणि मित्र जमले. नवरदेव मूळचा यवतमाळचा. मुंबईच्या आयआयटीत शिकलेला, अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात नोकरी करणारा. त्याच्या शेजारी उभा होता तोही पुरुषच, मूळच्या व्हिएतनामी घरातला. दोघांनी चारचौघांसमोर एकमेकांना जोडीदार मानलं. जानेवारीत पेपरात बातमी आली आणि जिल्हाभर चर्चा झाली. घरच्यांना सुरुवातीला हे जड गेलं, पुढे ते तयार झाले, असंही तेव्हा छापून आलं होतं.

त्या दोघांची नावं आपण इथे घेणार नाही. आपल्याला त्यांच्या घरात डोकावायचं नाही. पण तेव्हा पारावर, नळावर, एसटीत जे बोललं गेलं, ते आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. कोणी म्हणालं, "काय म्हणतीन लोकं!" कोणी म्हणालं, "पोरगं शिकलं खूप, पण अमेरिकेत जाऊन बिघडलं." हे दुसरं वाक्य फार वेळा ऐकू आलं. म्हणून आज आपण तेच तपासून पाहू. अमेरिकेनं खरंच या पोरांना बिघडवलं का? ती पोरं तिकडे का गेली, तिकडे त्यांना काय मिळालं, घर कसं चाललं? आणि यातून आपण बायांनी काय समजून घ्यायचं?

आधी शब्द समजून घेऊ. ज्या पुरुषाला पुरुषाचीच ओढ वाटते, ज्या बाईचा जीव बाईवरच जडतो, त्यांना समलिंगी म्हणतात. अशा पुरुषांना इंग्रजीत गे म्हणतात, बायांना लेस्बियन. तृतीयपंथी माणसं वेगळी. त्यांचा प्रश्न आपण स्त्री की पुरुष की आणखी कोणी, याचा असतो. समलिंगी पुरुष स्वतःला पुरुषच मानतो, फक्त त्याची ओढ वेगळी असते. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजीच समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढून टाकलं आहे.

शकुंतला गाडी आणि इंग्रजांचा कायदा

आपली शकुंतला गाडी आठवते ना? यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी. इंग्रजांच्या काळात इथला कापूस वाहून न्यायला एका इंग्रज कंपनीनं ती सुरू केली. पुढे इंग्रज गेले, पण त्या मार्गाची मालकी स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं कंपनीकडेच राहिली. गाडीसारखाच एक कायदाही इंग्रज मागे ठेवून गेले.

१८६० साली इंग्रजांनी भारतीय दंड संहिता केली आणि १८६२ पासून ती लागू झाली. त्यात ३७७ क्रमांकाचं कलम होतं. निसर्गाच्या नियमाविरुद्ध शरीरसंबंध ठेवणाऱ्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद, वर दंड. दोन्ही माणसं सज्ञान असली, दोघांची राजीखुशी असली, बंद दाराआड कोणाला काही त्रास नसला, तरी गुन्हा तो गुन्हाच. पुढे खुद्द इंग्लंडनं १९६७ साली आपल्याकडे हा गुन्हा मोडीत काढला. आपल्याकडे तो २०१८ पर्यंत टिकला. म्हणजे ज्यांनी कायदा आणला त्यांनी सोडून दिला, आणि आपण त्याला आपली जुनी रीत समजून जपत बसलो.

या कलमाखाली रोज कोणी तुरुंगात जात होतं असं नाही. पण ते डोक्यावर टांगलेलं होतं. पोलिसाला धमकावता येत होतं, गुंडाला पैसे उकळता येत होते. नोकरी जाईल, नाव जाईल, मायबापाची मान खाली जाईल, ही भीती होती. बायांना तर त्याहून मोठी भीती घरच्यांचीच होती. १९८७ च्या डिसेंबरात मध्य प्रदेशातल्या दोन महिला पोलीस शिपायांनी आपसात लग्न लावलं. बातमी फुटली आणि दोघींनाही नोकरीवरून काढून टाकलं. त्या दोघी ना अमेरिकेत गेल्या होत्या, ना इंग्रजी शाळेत. मराठी रंगभूमीवर तर त्याच्याही आधी, १९८१ साली, विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक आलं होतं. एका मुलीवर जीव लावणाऱ्या मुलीची ती गोष्ट. म्हणजे ही माणसं आपल्यातच होती. त्यांच्याबद्दल उघड बोललं जात नव्हतं, एवढंच.

सातासमुद्रापलीकडेही दार उघडं नव्हतं

ऐंशी-नव्वदच्या दशकांत आपल्याकडचे शिकलेले तरुण मोठ्या संख्येनं अमेरिकेला गेले. इंजिनिअर, डॉक्टर, पुढे संगणकवाले. बहुतेक जण पैशासाठी आणि शिक्षणासाठीच गेले. पण त्यात काही असेही होते की ज्यांच्या मनात आणखी एक कारण होतं. पंचविशी उलटली की घरात सोयरिकीची बोलणी सुरू होतात. 'शिकायला चाललो' म्हटलं की ती चार वर्षं पुढे ढकलता येतात.

आता तिकडे काय होतं ते ऐका. १९८६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवण्याचा अधिकार तिथल्या राज्यांना आहे. समलिंगी परदेशी माणसाला देशात येऊच द्यायचं नाही, अशी तरतूद तिथल्या कायद्यात होती. ती १९९० साली काढली गेली. आणि देशभरातून हा गुन्हा पुसला गेला तो थेट २००३ साली. म्हणजे नव्वद सालाच्या आधी जो मराठी मुलगा तिकडे उतरला, त्याला विमानतळावरसुद्धा आपलं मन लपवूनच उतरावं लागत होतं. बिघडवणारा देश म्हणावा तर असा!

मग तिकडे वेगळं होतं तरी काय? वेगळं एवढंच की भाड्याच्या खोलीत कोणी डोकावत नव्हतं. आपल्यासारखी माणसं शहरात भेटत होती. एकत्र जमून कायद्याशी भांडायला मोकळीक होती. १९८६ सालीच कॅलिफोर्नियात अरविंद कुमार आणि सुवीर दास या दोन भारतीय तरुणांनी 'त्रिकोण' नावाचा गट आणि त्याच नावाचं छोटं पत्रक सुरू केलं. नाव त्रिकोण का, तर हिटलरच्या जर्मनीत छळछावणीतल्या समलिंगी कैद्यांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवत असत. अपमानाची ती खूण पुढे या लोकांनी लढ्याची खूण म्हणून उचलली. दक्षिण आशियातल्या समलिंगी माणसांचा जगातला हा अगदी सुरुवातीच्या गटांपैकी एक. मोबाइल नव्हते, व्हॉट्सअॅप नव्हतं. टपालानं आलेलं ते पत्रक वाचून दूरदूरच्या माणसांना पहिल्यांदा कळायचं, की असे आपण एकटेच नाही.

तीच हवा इकडेही आली. १९९० साली मुंबईत पत्रकार अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' हे मासिक काढलं. आणि पुण्याचे बिंदुमाधव खिरे यांची गोष्ट तर आपल्यासाठी जास्त जवळची. संगणकाच्या नोकरीनिमित्त ते काही वर्षं अमेरिकेत होते. तिथे राहून गेले असते तर कोणी विचारलं नसतं. पण ते परत आले आणि २००२ साली पुण्यात त्यांनी 'समपथिक' हा ट्रस्ट सुरू केला. या विषयावर त्यांनी मराठीतून पुस्तकं लिहिली. मराठीतून लिहिणं महत्त्वाचं होतं. मुलाचं मन ज्या मायबापाला कळायला हवं, ते मायबाप इंग्रजी वाचत नाहीत.

'रूममेट' नावाचा जोडीदार

आता घरात येऊ. परदेशात दोन पुरुष किंवा दोन बाया एकत्र राहतात तेव्हा घर कसं चालतं? आपल्याला पहिला प्रश्न हाच पडतो, की यात नवरा कोण आणि बायको कोण, स्वयंपाक कोण करतं. खरं उत्तर फार साधं आहे. ज्याला जमतं तो करतो. एक जण भाजी-पोळी करतो, दुसरा भांडी घासतो. ज्याची नोकरी लवकर सुटते तो किराणा आणतो. तिथे घरकामाला माणूस ठेवणं परवडत नाही, आणि 'हे बाईचं काम' म्हणून कोणावर ढकलायला घरात बाई नाही, किंवा दोघीही बायाच आहेत. त्यामुळे कामं बोलून वाटून घ्यावी लागतात. भांडणंही तीच, आपल्या घरातली. पैसे जास्त कोणी खर्च केले, आईला फोन कोणी केला नाही, पाहुण्यांसमोर तोंड कोणी वाकडं केलं.

पण एक ओझं त्या घरात आपल्यापेक्षा वेगळं असायचं. गावी फोन लावला की जोडीदार 'रूममेट' व्हायचा, म्हणजे खोलीत सोबत राहणारा. पाच वर्षं झाली, दहा वर्षं झाली, तरी रूममेटच. गावाकडून आईवडील भेटायला येणार म्हटलं की दुसऱ्या खोलीत गादी घालायची, भिंतीवरचे फोटो उतरवायचे, कपडे वेगळ्या कपाटात लावायचे. आई दोन महिने राहायची. त्या 'रूममेट'च्या हातचा चहा प्यायची, पोरगा किती गुणाचा म्हणून कौतुक करायची, आणि जाताना त्यालाच सांगायची, "याच्यासाठी एखादी चांगली मुलगी पाहा रे बाबा." असं पुष्कळ घरांत झालं आहे. त्या आईचा यात काय दोष? तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि सांगायला त्या पोराची हिंमत होत नव्हती, कारण आई ऐकून घेईल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

दोन म्हाताऱ्या आणि एक कराची नोटीस

मन लपवणं हे एक ओझं. दुसरं ओझं कागदाचं. ते आपल्याला लवकर कळेल, कारण ते आपण भोगलं आहे.

आपल्या जिल्ह्यात किती बायांनी आयुष्यभर शेतात राबून काढलं, पण सातबाऱ्यावर त्यांचं नाव नव्हतं. नवरा गेला की मग तलाठ्याकडे, तहसीलला खेटे. वारस दाखला आणा, सासऱ्याची सही आणा, दिराची संमती आणा. कर्जापायी नवऱ्यानं जीव दिला, त्या घरातल्या बायांना तर हे आणखीच माहीत आहे. म्हणून तर शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, बायकोच्या नावावर जमीन करून द्या म्हणाले. पुढे १९९२ साली सरकारनंही तसा निर्णय काढला. घर आपण चालवतो, पण कागदावर नाव नसेल तर अडचणीच्या वेळी आपण त्या घराच्या कोणीच नसतो.

अमेरिकेतल्या दोन बायांची गोष्ट अशीच आहे. एडिथ विंडसर आणि थिया स्पायर. न्यूयॉर्क शहरात दोघी चाळीस वर्षांहून जास्त काळ सोबत राहिल्या. थियाला मज्जातंतूंचा आजार झाला, हळूहळू हातपाय गेले, चाकाची खुर्ची आली. एडिथनं वर्षानुवर्षं तिचं सगळं केलं. २००७ साली दोघी शेजारच्या कॅनडा देशात गेल्या आणि लग्न करून आल्या, कारण तिथे कायद्यानं ते होत होतं. २००९ साली थिया वारली. तिनं मागे ठेवलेलं घर आणि पैसा एडिथकडे आला, आणि मागोमाग सरकारचा कर आला. तीन लाख त्रेसष्ट हजार डॉलरहून जास्त. नवऱ्याची मिळकत बायकोला मिळाली असती तर हा कर शून्य होता. पण सरकारच्या हिशेबात एडिथ थियाची कोणीच लागत नव्हती.

म्हातारी गप्प बसली नाही. ती कोर्टात गेली. २६ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल तिच्या बाजूनं दिला. तेव्हा ती ८४ वर्षांची होती. बरोबर दोन वर्षांनी, २६ जून २०१५ रोजी, त्याच न्यायालयानं देशातल्या सगळ्या राज्यांत समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क दिला. जगात असा कायदा सगळ्यांत आधी नेदरलँड्सनं केला होता, २००१ साली.

आता याचा आपल्या पोरांशी काय संबंध? फार मोठा. अमेरिकेत राहणारा परदेशी माणूस व्हिसाच्या कागदावर उभा असतो. नोकरी गेली तर थोड्याच दिवसांत देश सोडावा लागतो. नवरा-बायको असतील तर एकाच्या कागदावर दुसऱ्याला राहता येतं. समलिंगी जोडीला ही सोय नव्हती. दहा वर्षं एकत्र घर केलेल्या दोघांपैकी एकाची नोकरी सुटली, की तो विमानात बसून परत, आणि दुसरा तिकडेच. एडिथच्या निकालानंतर हे बदललं. लग्नाच्या जोडीदाराला कायमच्या रहिवासाचा, म्हणजे ग्रीन कार्डाचा अर्ज करता येऊ लागला. दवाखान्यात 'तुम्ही कोण?' या प्रश्नाला उत्तर मिळालं. नोकरीच्या आरोग्य विम्यात जोडीदाराचं नाव आलं, घराच्या कागदावर दोघांची नावं लागली, आणि दत्तक घेतलेल्या लेकराच्या कागदावरही. मोर्चा काढला, निशाण फडकवलं, ते पेपरात दिसतं. पण हक्क म्हणजे शेवटी हेच, घरातल्या माणसाचं नाव घराच्या कागदावर असणं.

त्या मुलीचा विचार कोणी केला?

मैत्रिणींनो, या गोष्टीत आणखी एक माणूस आहे. तिच्याबद्दल बोललंच पाहिजे, कारण ती आपली लेक आहे.

अमेरिकेतलं स्थळ आलं की आपण किती खूश होतो. मुलगा चांगला शिकलेला, पगार भरपूर, व्यसन नाही. मुलगा पहिल्यापासून 'नको नको' म्हणत असतो. घरचे म्हणतात, "लाजतो. लग्न झालं की सुधारेल." आई आजारी पडते, बाप अन्न सोडतो, शेवटी मुलगा मान तुकवतो. आणि एक मुलगी, जिला यातलं काहीच माहीत नाही, सातासमुद्रापार जाते. तिथे तिला भाषा येत नाही, नोकरीची परवानगी नाही, नवऱ्याच्या कागदावर ती राहते. नवरा मारत नाही, शिव्या देत नाही, पण जवळही येत नाही. ती बिचारी स्वतःलाच दोष देत राहते. माझ्यातच काही कमी असेल म्हणते. इकडून सासू विचारते, "गोड बातमी कधी?" मग दोन-तीन वर्षांनी घटस्फोट, आणि परत आल्यावर बोटं दाखवली जातात ती मुलीकडेच.

लग्न लावून कोणाची ओढ बदलत नाही. एकाची अडचण दोघांची होते, एवढंच होतं. मुलाच्या आईनं मन घट्ट करून त्याचं खरं ऐकून घेतलं असतं, तर दुसऱ्या आईची लेक वाचली असती. आणि मुलीच्या बाबतीतही तेच. ज्या मुलीचं मन पुरुषात नाही, तिला बळजबरीनं बोहल्यावर चढवलं, तर तिच्या वाट्याला काय येतं, ते आपण बायांना समजावून सांगायची गरज नाही.

इकडे काय बदललं

आता परत यवतमाळला येऊ. २०१७ च्या डिसेंबरात ते लग्न झालं तेव्हा कलम ३७७ जिवंत होतं. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयानं राजीखुशीच्या संबंधांपुरतं ते रद्द केलं होतं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा उभं केलं. योगायोग पाहा, ज्या वर्षी एडिथ तिकडे जिंकली त्याच वर्षी इकडे दार बंद झालं. त्यामुळे यवतमाळच्या त्या समारंभात उभं राहायला दोघांनाही आणि जमलेल्या नातलगांनाही धाडस लागलं असणार. पुढे आठ-नऊ महिन्यांत, ६ सप्टेंबर २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमतानं निकाल दिला, की सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांना गुन्हा म्हणता येणार नाही. त्या खंडपीठातल्या एकमेव महिला न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं, की या माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना इतकी वर्षं जे सोसावं लागलं, त्याबद्दल इतिहासानं त्यांची माफी मागितली पाहिजे. 'घरच्यांना' हा शब्दही त्यांनी विसरला नाही.

२०२१ साल सरता सरता आपल्या शेजारच्या नागपुरात दोन डॉक्टर मुलींनी नातलगांसमोर एकमेकींना अंगठ्या घातल्या. म्हणजे आता यासाठी परदेशी जावंच लागतं असं नाही.

पण गुन्हा नसणं वेगळं आणि हक्क असणं वेगळं. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क आम्ही देऊ शकत नाही, तो कायदा संसदेनं करायचा. त्यामुळे आज गंमत अशी होते, की अमेरिकेत कायद्यानं लग्न झालेली दोन माणसं विमानातून नागपूरला उतरली, की कायद्यापुढे एकमेकांची कोणीच लागत नाहीत. वॉशिंग्टनला २०१७ साली लग्न केलेल्या एका भारतीय जोडप्याला न्यूयॉर्कमधल्या आपल्या वकिलातीनं २०२० साली लग्नाची नोंद करून द्यायला नकार दिला. ते दोघं दिल्लीच्या कोर्टात गेले. नेपाळमध्ये २०२३ च्या नोव्हेंबरात अशा जोडप्याच्या लग्नाची पहिली नोंद झाली, थायलंडमध्ये २०२५ च्या जानेवारीपासून कायदा लागू झाला. व्हिएतनामनं २०१५ साली अशा लग्नांवरची बंदी उठवली, पण मान्यता दिली नाही. यवतमाळचा एक आणि व्हिएतनामी घरातला एक, दोघांच्याही मूळ देशांत कागद मिळत नाही. मिळतो तो तिसऱ्याच देशात.

तरी एक गोष्ट झाली आहे, आणि ती आपल्या बचत गटाच्या बायांच्या कामाची आहे. २०२४ साली केंद्र सरकारनं राज्यांना कळवलं, की असे जोडीदार एकत्र राहत असतील तर रेशन कार्डासाठी त्यांना एकाच कुटुंबातले मानावं. बँकेत जोडखातं उघडायला आणि जोडीदाराचं नाव नॉमिनी म्हणून लावायला अडचण नाही, हेही स्पष्ट केलं. जोडीदार वारला आणि जवळचे नातलग आले नाहीत, तर मयत ताब्यात घेता यावी, असंही आरोग्य खात्यानं कळवलं. मोठा हक्क कोर्टात अडला, पण रेशन कार्डाचं दार थोडं उघडलं. रेशन दुकान चालवणाऱ्या बचत गटाच्या बायांना हे माहीत असायला हवं. उद्या गावात अशा दोन मुली खोली करून राहत असल्या आणि कार्डासाठी आल्या, तर आपण त्यांना हसून परत पाठवायचं की अर्ज भरून द्यायचा?

आपल्या हातात काय आहे

सुरुवातीचा प्रश्न होता, अमेरिकेनं पोरांना बिघडवलं का? इतिहास सांगतो, नाही. पोरं इथून मन घेऊनच गेली होती. तिकडेही त्यांना कोणी आयतं काही वाढून दिलं नाही. एका म्हातारीला ८४ व्या वर्षापर्यंत कोर्टात भांडावं लागलं. तिकडे मिळालं ते इतकंच, की आधी लपून राहायला जागा मिळाली आणि मग उघड राहायला कागद मिळाला. आणि जे जाऊ शकले ते शिकलेले, पैसेवाले. महागाव-झरीच्या एखाद्या खेड्यातल्या शेतमजुराच्या पोराला किंवा पोरीला कोणता व्हिसा? त्यांचं सगळं जग त्यांच्या घरातच आहे. म्हणून आपलं वागणं त्यांच्यासाठी कोर्टाच्या निकालापेक्षाही मोठं आहे.

आपल्या घरात एखादं लेकरू असं काही सांगू लागलं, तर आधी पूर्ण ऐकून घ्या. रागावर येऊन हात उगारू नका, घराबाहेर काढू नका. बाबा-बुवाकडे नेऊ नका. औषध देऊन, झटके देऊन हे बदलून देतो म्हणणाऱ्या डॉक्टरकडेही नेऊ नका. देशातल्या डॉक्टरांच्या वरिष्ठ आयोगानं २०२२ साली असे उपचार हा व्यवसायातला गैरप्रकार ठरवला आहे. लेकराच्या मनावर ताण असेल, किंवा आपल्यालाच झोप लागत नसेल, तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. फोन फुकट लागतो. मायबापालाही बोलायला माणूस लागतोच. आणि काहीही झालं तरी लग्नाची घाई करू नका.

पुढच्या बैठकीत हिशेब झाला की थोडा वेळ काढा आणि यावर बोला. एकच प्रश्न घ्या : आपल्या लेकरानं आपल्यालाच खरं सांगावं, यासाठी आपल्या घरात कोणती गोष्ट बदलावी लागेल? काही जणी चिडतील, काही उठून जातील, काही गप्प बसतील. चालेल. बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायचं म्हटलं तेव्हाही लोक असेच चिडले होते. आज तलाठ्याच्या कचेरीत त्याच कामासाठी आपण हक्कानं उभ्या राहतो.

बोलून झालं की काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.